दुचाकीत पेट्रोल भरताना: पंपावरचे नियम आणि ते पाळण्याची रीत

पेट्रोल पंपावर मोटार आणि मोटारसायकल एकाच रांगेत उभ्या राहत असल्या, तरी दोघांसमोरचा धोका सारखा नसतो. मोटारीची टाकी मागच्या बाजूला, इंजिनापासून लांब आणि प्रवाशांपासून पत्र्याने वेगळी केलेली असते. मोटारसायकलची टाकी मात्र चालकाच्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये आणि तापलेल्या इंजिनाच्या बरोबर वर बसवलेली असते, आणि झाकण उघडल्यावर तिच्या तोंडातून निघणारी वाफ व चालकाचा चेहरा यांच्यात हातभराचेच अंतर उरते. मे महिन्याच्या दुपारी नागपूर किंवा जळगावच्या एखाद्या पंपावर उघड्या टाकीच्या तोंडाशी बारकाईने पाहिले, तर ती वाफ थरथरताना डोळ्यांना दिसते. फलकावर लिहिलेल्या सूचना सर्वांसाठी असल्या, तरी त्यांचा सर्वांत थेट संबंध दुचाकीस्वाराशी येतो, आणि दुर्दैवाने त्याच सूचना दुचाकीस्वार सर्वांत कमी पाळतो.

पंपावर आपल्याला नियम म्हणून जे सांगितले जाते त्याची मुळे वेगवेगळी आहेत. ती ओळखता आली, की कोठे वाद घालायचा नाही आणि कोठे हक्काने विचारायचे हे समजते. इंजिन बंद ठेवणे, धूम्रपान न करणे, बाटलीत पेट्रोल न देणे हे सुरक्षेचे नियम १९३४ चा पेट्रोलियम कायदा, २००२ चे पेट्रोलियम नियम आणि त्यांखाली पंपाला मिळणाऱ्या परवान्याच्या अटी यांतून येतात. या परवान्यांचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. मापाविषयीचे नियम २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्यातून येतात आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. हेल्मेट, पीयूसी किंवा टंचाईच्या काळातील मर्यादा यांविषयीचे नियम हे बहुधा शासनाचे किंवा स्थानिक प्रशासनाचे आदेश असतात. ते शहरानुसार आणि काळानुसार बदलतात. पहिल्या प्रकारात तडजोड नसते, दुसऱ्या प्रकारात आपण मागणी करू शकतो आणि तिसऱ्या प्रकारात तयारीने गेलेले बरे असते.

पंपावर शिरण्यापूर्वी

किती पेट्रोल हवे आणि पैसे कसे द्यायचे, हे रांगेत उभे असतानाच ठरवावे. "शंभरचे टाका, नाही, थांबा, दोनशेचे करा" असे ऐन वेळी सांगितल्याने मीटरवरचा आकडा मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि मापाविषयीचे बहुतेक गैरसमज व काही खऱ्या फसवणुकी याच गोंधळात होतात. रोख द्यायची असल्यास नोटा वरच्या खिशात काढून ठेवाव्यात. टाकीवर चुंबकाने बसणारी पिशवी असेल, तर ती आधीच काढून हातात किंवा मागच्या सीटवर घ्यावी. भरत असताना ती एका हाताने तोलून धरणारे अनेक जण दिसतात, आणि पिशवीचा पट्टा नोझलला अडकला तर पेट्रोल सांडण्यास तेवढे पुरते. बऱ्याच मोठ्या पंपांवर दुचाकींसाठी स्वतंत्र रांग असते. ती लांब दिसली म्हणून मोटारींच्या रांगेत दोन गाड्यांच्या फटीतून पुढे घुसू नये, कारण मोटारचालकाला आरशात दुचाकी दिसेलच याची शाश्वती नसते.

सीटवरून उतरणे

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही असावी: पंपाजवळ पोहोचल्यावर इंजिन बंद करावे, गाडी स्टँडवर लावावी आणि स्वतः खाली उतरावे. मागे कोणी बसले असेल, तर त्याने आधी उतरावे, आणि टाकीवर लहान मूल बसवले असेल, तर त्याला भरण्याची यंत्रे असलेल्या ओट्यापासून दूर, मोठ्या माणसाच्या हाताशी उभे करावे. अनेक पंपांच्या सूचनाफलकांवर हे लिहिलेले असते. तरीही बहुतेक जण दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हँडल धरून, मान वाकवून बसूनच पेट्रोल भरून घेतात, आणि मागे रांग असल्याने कर्मचारीही त्यांना काही म्हणत नाही.

उतरण्याचे कारण साधे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती टाकीच्या तोंडातून वर उडून न जाता टाकीच्या अंगावरून खाली, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सरच्या दिशेने उतरते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल, तर ठिणगी मिळताच ती पेट घेऊ शकते. पेट्रोलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची पेटण्याजोगी वाफ तयार होऊ लागते तो बिंदू, शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस असल्याने आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, अगदी महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा, ही वाफ तयार होतच असते. बहुतेक वेळा काहीही होत नाही, हे खरे आहे. परंतु ज्या एका वेळी होते, त्या वेळी सीटवर बसलेल्या माणसाच्या मांड्यांमध्ये आग असते, हातात दीडशे किलोची गाडी असते, पाठीशी दुसरा माणूस बसलेला असतो आणि गाडी सोडली तर ती सांडलेल्या पेट्रोलसह त्याच्याच पायावर पडते. उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन पावले मागे सरकणे एवढेच करावे लागते.

उतरण्याचा दुसरा लाभ मापाशी संबंधित आहे. सीटवर बसलेल्या चालकाला मीटरचा पडदा बहुधा तिरका दिसतो किंवा कर्मचाऱ्याच्या पाठीआड जातो. खाली उतरून टाकी आणि मीटर या दोन्हींकडे पाहता येईल अशा जागी उभे राहिले, की झिरो, दर आणि सुरुवातीचा आकडा हे तिन्ही आपोआप नजरेत येतात. स्कूटरवाल्यांना हे निराळे सांगावे लागत नाही, कारण ज्या स्कूटरींच्या टाकीचे तोंड सीटखाली असते, त्यांवरून उतरल्याशिवाय पेट्रोल भरताच येत नाही. आता मात्र बाहेरून उघडणाऱ्या झाकणाच्या स्कूटरी आल्याने तीही सवय सुटू लागली आहे.

पाठीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे ज्यांना वारंवार उतरणे जड जाते, त्यांनी कमी वेळा आणि जास्त पेट्रोल भरण्याची सवय लावावी. रोज शंभर रुपयांचे भरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा टाकी भरणे सोयीचे आहे आणि झाकण कमी वेळा उघडल्याने धोकाही कमी होतो.

मोबाइल, ठिणगी आणि पैसे देणे

मोबाइल बंद ठेवण्याच्या नियमावर पंपांवर सर्वांत जास्त वाद होतात, आणि आता त्याच पंपांवर क्यूआर संकेत लावलेला असल्याने ग्राहकाला हा नियम विसंगत वाटतो. मोबाइलच्या लहरींमुळे पेट्रोल पेटल्याचे खात्रीलायक पुरावे फारसे नाहीत, हे मान्य करायला हवे. तरीही नियम योग्यच आहे, असे मला ठामपणे वाटते. फोनवर बोलणारा चालक झिरो पाहत नाही, टाकी भरत आल्याचे त्याला कळत नाही आणि पेट्रोल सांडले तर त्याची प्रतिक्रिया उशिरा येते. शिवाय वाफेच्या क्षेत्रात, ज्वालारोधक बनावट नसलेले कोणतेही विजेवर चालणारे उपकरण हाताळू नये, हे तत्त्व परवान्याच्या अटींशी सुसंगत आहे. म्हणून फोन खिशात ठेवावा, पेट्रोल भरून झाल्यावर झाकण लावावे, गाडी ढकलत काही पावले पुढे न्यावी आणि तेथे उभे राहून यूपीआयने पैसे द्यावेत. कर्मचारी नोझलजवळच संकेताचा फलक पुढे करत असल्यास त्याला "पुढे येऊन देतो" एवढे सांगितले तरी पुरते. बहुतेक जण ते ऐकतात.

खऱ्या ठिणगीचा स्रोत म्हणून स्थिर विजेकडे अधिक लक्ष द्यायला हवे. नायलॉनचे जर्किन, कृत्रिम धाग्याचे सीट कव्हर आणि विदर्भ-मराठवाड्यातील हिवाळ्याची कोरडी हवा एकत्र आली, की अंगावर विजेचा भार साठतो. लोखंडी कपाटाला हात लावल्यावर बसणारा तो चटका आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. झाकण उघडण्यापूर्वी गाडीच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला, उदाहरणार्थ क्रॅश गार्ड किंवा स्टँडला, हात लावावा, म्हणजे हा भार टाकीच्या तोंडापासून दूर उतरतो. नोझलने टाकीच्या तोंडाच्या धातूला स्पर्श केलेला असावा आणि तो वर लोंबता धरून धार सोडली जाऊ नये.

झिरो, दर आणि टाकी किती भरावी

कर्मचारी "झिरो बघा" म्हणतो, तेव्हा केवळ मान हलवू नये. पडद्यावर रक्कम आणि लिटर या दोन्ही ठिकाणी शून्य आहे का आणि प्रतिलिटर दर फलकावरच्या दराइतकाच आहे का, हे पाहावे. मागच्या ग्राहकाच्या आकड्यावरच पुढे भरणे ही जुनी युक्ती आहे. तिची साथीदार युक्ती म्हणजे ऐन सुरुवातीला दुसऱ्या कर्मचाऱ्याने सुट्या पैशांविषयी किंवा इंजिन ऑइलविषयी काही विचारून लक्ष वळवणे. अशा वेळी उत्तर देण्यापूर्वी मीटर पाहावे. शंभरऐवजी एकशे दहाचे भरल्याने फसवणूक टळते, हा समज मात्र आधारहीन आहे. यंत्रात फेरफार केलेला असेल, तर तो कोणत्याही आकड्याला लागू करता येतो. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील कारवाईपाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले, तेव्हा उघड झालेली फसवणूक यंत्राच्या आतील इलेक्ट्रॉनिक भागात बदल करून केलेली होती, आणि तिच्यापुढे एकशे दहासारख्या वेगळ्या आकड्यांचा उपाय निरुपयोगी होता. पहाटे भरल्यास जास्त पेट्रोल मिळते हाही असाच समज आहे. साठ्याच्या टाक्या जमिनीखाली असल्याने दिवसभरात त्यांच्या तापमानात नगण्य फरक पडतो.

"टाकी फुल करा" असे सांगितल्यावर तोंडापर्यंत भरून घेणे चुकीचे आहे. तोंडाच्या आत जी कडा किंवा नळी दिसते, तिच्या खालच्या टोकापर्यंत पेट्रोल आले, की थांबावे. पेट्रोल तापल्यावर प्रसरण पावते: दहा लिटर पेट्रोलचे तापमान वीस अंशांनी वाढले, तर त्याचे आकारमान सुमारे दोनशे मिलिलिटरने वाढते. जमिनीखालचे थंड पेट्रोल काठोकाठ भरून गाडी उन्हात उभी केल्यास ही वाढ निकासनळीतून बाहेर पडते किंवा बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांमध्ये वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरते, आणि तो डबा पेट्रोलने भिजला की गाडी सुरू होण्यास कुरकुर करू लागते. दुरुस्तीला गेल्यावरही कारण लवकर सापडत नाही.

कंपनीने सांगितलेल्या क्षमतेपेक्षा जास्त पेट्रोल बसल्याचा वाद दुचाकीच्या बाबतीत नेहमी होतो. येथे थोडा संयम ठेवावा. पुस्तिकेतील आकडा टाकीत वर मोकळी जागा सोडून सांगितलेला असतो, मधल्या स्टँडवर उभी असलेली गाडी एका अंगाला झुकलेल्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल घेते, आणि त्यामुळे ९.८ लिटरच्या स्प्लेंडरच्या टाकीत दहा लिटरच्या थोडे वर आकडा गेला, तर तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. फरक याहून बराच मोठा असेल, तर पुढे सांगितलेली मापाची चाचणी मागावी.

भरून झाल्यावर नोझल लगेच बाहेर ओढू देऊ नये. खटका सोडल्यानंतरही नळीच्या टोकात थोडे पेट्रोल असते. ते दोन-तीन क्षणांत टाकीत निथळते. घाईत ओढलेल्या नोझलचे ते थेंब रंगावर, सीटवर आणि तापलेल्या इंजिनावर पडतात. झाकण बंद करून किल्ली फिरल्याची खात्री करावी, आणि गाडी ढकलत पुढे नेऊन मगच सुरू करावी.

इथेनॉल आणि पावसाळा

पंपांवर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले असून आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. ज्यांची दुचाकी एप्रिल २०२३ पूर्वीची आहे, त्यांनी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा झाकणाजवळच्या चिकटपट्टीवर कोणत्या मिश्रणाचा उल्लेख आहे हे पाहावे आणि रबरी नळ्या व वायसर यांची तपासणी सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून करून घ्यावी. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यात, जुन्या रचनेच्या दुचाकींचे अॅव्हरेज या मिश्रणामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे लिटरला पन्नास किलोमीटर देणारी गाडी अठ्ठेचाळीसच्या आसपास येईल. घट यापेक्षा बरीच जास्त जाणवत असल्यास केवळ इथेनॉलला दोष न देता कार्ब्युरेटर, हवेचा फिल्टर आणि टायरमधील हवा पाहावी.

पावसाळ्यात काळजीचे कारण वेगळे आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल तळातूनच मिळत असल्याने गाडी पंपावरून निघते आणि थोड्या अंतरावर बंद पडते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर भर पावसात पेट्रोल भरताना म्हणूनच छताखालीच थांबावे, रेनकोटच्या बाहीवरून ओघळणारे पाणी उघड्या तोंडात जाऊ देऊ नये आणि झाकणाभोवती साचलेले पाणी उघडण्यापूर्वी फडक्याने टिपून घ्यावे. झाकणाच्या कडेला पाणी निचरण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले, तर साचलेले पाणी झाकण उघडताच थेट टाकीत उतरते. तारेने ते मोकळे ठेवण्यास एक मिनिट पुरते.

माप आणि शुद्धता तपासून घेणे

हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि तो बजावण्यासाठी भांडण करावे लागत नाही. संशय आल्यास कर्मचाऱ्याशी वाद न घालता व्यवस्थापकाला बोलवावे आणि पाच लिटरच्या मापाने तपासणी मागावी. हे धातूचे माप प्रत्येक पंपावर असणे बंधनकारक असून त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो. प्रथम तो शिक्का चालू मुदतीचा आहे का, हे पाहावे. माप सपाट जागी ठेवून, आधी एकदा पेट्रोलने ओले करून रिकामे केलेले असावे. मग ज्या नोझलविषयी संशय आहे, त्याच नोझलने मीटरवर बरोबर पाच लिटर येईपर्यंत भरून मापाच्या मानेवरील खुणेपाशी पातळी वाचावी. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो. त्यापेक्षा कमी भरल्यास त्या नोझलची विक्री थांबवून यंत्र पुन्हा प्रमाणित करून घेणे पंपावर बंधनकारक ठरते. चाचणीचे पेट्रोल पुन्हा साठ्यात ओतले जाते, त्यामुळे ग्राहकाला ते विकत घ्यावे लागत नाही.

भेसळीचा संशय असल्यास फिल्टर पेपरची चाचणी मागावी. नोझलचे तोंड स्वच्छ पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकतात. शुद्ध पेट्रोल साधारण दोन मिनिटांत उडून जाते आणि गडद, तेलकट डाग मागे राहत नाही. फिकट गुलाबी छटा राहिली, तर ती पेट्रोलच्या रंगाची असते, तिच्यावरून भेसळ ठरवू नये. घनतेची चाचणी याहून नेमकी आहे. काचेच्या उभ्या नळकांड्यात नमुना घेऊन घनतामापी आणि तापमापी बुडवतात, मिळालेली घनता तक्त्याच्या आधारे १५ अंश सेल्सिअसला काय येईल ते पाहतात आणि पंपाच्या नोंदीतील घनतेशी तिची तुलना करतात. घनमीटरमागे ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. दुचाकीत शंभर-दोनशेचे पेट्रोल भरणाऱ्याने एवढी खटपट कशाला करावी, असे काहींना वाटेल. परंतु प्रत्येक वेळी कमी पेट्रोल भरणाऱ्यालाच मापातील लहानसा घोटाळा प्रमाणात सर्वांत महाग पडतो, आणि विचारणारे ग्राहक असलेल्या पंपावर नोंदी नीट ठेवल्या जातात.

बाटलीत पेट्रोल का मिळत नाही

गाडी रस्त्यात बंद पडल्यावर पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर गेलेल्या माणसाला नकार मिळतो, तेव्हा त्याचा संताप स्वाभाविक असतो. तरीही नकार देणारा कर्मचारी नियमानेच वागत असतो. कायद्याने स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना थोडे पेट्रोल बाळगण्याची मुभा दिली आहे, पण त्यासाठी पात्राच्या अटी आहेत, आणि शीतपेयाच्या पातळ प्लॅस्टिक बाटलीत त्या पूर्ण होत नाहीत. अशी बाटली पेट्रोलने मऊ पडते, झाकणातून वाफ गळते आणि भरताना तिच्यावर स्थिर विजेचा भार साठतो. याशिवाय सुट्या पेट्रोलचा वापर माणसे जाळण्यासाठी झालेला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले आणि तिचा मृत्यू झाला. अशा घटना आठवल्या, की सुट्या पेट्रोलबाबतची कडक भूमिका समजून घेणे अवघड जात नाही.

मग करावे काय? जुन्या गाडीत प्रथम कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हवर आहे का, ते पाहावे. गाडी अगदीच कोरडी असेल, तर एका अंगाला झुकवून टाकीच्या दुसऱ्या कप्प्यातील उरलेले पेट्रोल कॉकच्या बाजूला आणता येते आणि त्यावर एखादा किलोमीटर निघतो. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून पेट्रोल संपत आल्याचा दिवा लुकलुकू लागल्यावर गाडी शेवटच्या थेंबापर्यंत ओढू नये. दुसऱ्याच्या गाडीतून नळीने पेट्रोल घ्यावे लागल्यास ती तोंडाने ओढू नये. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. लांबच्या प्रवासाला, विशेषतः आडरानात, निघणाऱ्यांनी पेट्रोलसाठीच बनवलेला मान्यताप्राप्त डबा बाळगावा आणि तो गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवून भरावा.

हेल्मेट, पीयूसी आणि टंचाईतील मर्यादा

"हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" या नियमाचा महाराष्ट्रातील अनुभव संमिश्र आहे. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी तो राज्यभर लागू करण्याची घोषणा केली, पण पंपचालकांच्या विरोधानंतर तिची धार कमी करावी लागली. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलीस आयुक्तांच्या आदेशाने तो लागू झाला. अशा आदेशांच्या काळात मागच्या माणसाचे हेल्मेट उसने घेऊन पेट्रोल भरणारे जसे दिसतात, तसेच नकार दिला म्हणून कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून जाणारेही दिसतात. महिन्याला मोजका पगार घेणाऱ्या त्या मुलावर राग काढणे अन्यायाचे आहे. आदेश त्याने काढलेला नसतो आणि तो मोडल्याचा जाब त्याला द्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट चालकाला आणि मागे बसणाऱ्याला लागू आहेच, त्यामुळे पंपावरच्या आदेशाने नवे असे काहीच मागितलेले नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी दुचाकीस्वारांना याच्या उलट अनुभव येतो: ब्रिटनमध्ये ग्राहक स्वतः पेट्रोल भरतो आणि नंतर पैसे देतो, त्यामुळे चेहरा दिसावा म्हणून अनेक पंपांवर हेल्मेट काढण्यास सांगितले जाते.

पीयूसी आणि गाडीचे वय यांविषयीही पंपावर तपासणी करण्याकडे कल वाढत आहे. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांना कॅमेऱ्यांच्या मदतीने पंपावरच रोखण्यास सुरुवात झाली आणि लोकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच ती कारवाई पुढे ढकलावी लागली. आपल्याकडे असा आदेश आला, तरी अडचण होऊ नये म्हणून पीयूसीची मुदत पाहून ठेवावी व प्रमाणपत्र डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवावे. मात्र ते दाखवतानाही फोन नोझलपासून दूर उभे राहूनच काढावा.

टंचाईच्या काळात वेगळेच नियम अचानक लागू होतात. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांच्या आंदोलनामुळे मनमाडजवळच्या पानेवाडीतील डेपोंमधून वाहतूक थांबली आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. त्याच वेळी चंडीगडमध्ये दुचाकीला जास्तीत जास्त दोन लिटर किंवा दोनशे रुपयांचे पेट्रोल देण्याचा आदेश निघाला होता. ज्यांची नोकरी दुचाकीवर अवलंबून आहे, त्यांनी टाकी निम्म्याखाली जाऊ न देण्याची सवय ठेवली, तर असे दोन-तीन दिवस निभावतात. घरात कॅन भरून साठा करणे मात्र पूर्णपणे टाळावे.

पेट्रोल सांडल्यास, पेटल्यास, आणि तक्रार

टाकीवर पेट्रोल सांडल्यास गाडी सुरू करू नये. फडक्याने टिपून, इंजिन तापलेले असल्यास ते निवेपर्यंत बाजूला उभी करावी. कपड्यांवर सांडले असल्यास ते पंपावरच झटकन काढू नयेत, कारण काढताना होणाऱ्या घर्षणातून ठिणगी उडू शकते. आधी पाण्याने भिजवावेत, मग आडोशाला जाऊन बदलावेत. डोळ्यांत गेल्यास बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावे. पंपावर पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार पेटी असणे बंधनकारक आहे, ती मागून घ्यावी.

टाकीच्या तोंडाशी आग लागल्यास नोझल ओढून बाहेर काढण्याचा मोह टाळावा. पेट घेतलेल्या टाकीतून नोझल ओढला, की वाहते पेट्रोल सभोवार उडते आणि एका जागची आग पसरते. खटका सोडायचा, नोझल जागीच ठेवायचा, सर्वांनी मागे सरायचे आणि यंत्र बंद करण्याचे बटण दाबण्यासाठी ओरडून सांगायचे. कोरड्या रासायनिक भुकटीचा अग्निशामक किंवा वाळूची बादली जवळच असते; पाणी ओतू नये, त्याने पेट्रोल तरंगत पसरते. बाकीचे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर सोपवून ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे.

तक्रार करायची असल्यास छापील पावती हवीच; तीवर तारीख, वेळ, दर आणि परिमाण असल्याने पुढचे सारे तिच्यावर उभे राहते. पंपावर तक्रार नोंदवही असते आणि कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी फलकावर लिहिलेले असतात. प्रथम नोंदवहीत नोझलचा क्रमांक, कर्मचाऱ्याने काय सांगितले आणि चाचणी मागितल्यावर ती दिली की नाकारली हे स्पष्ट लिहावे व त्या पानाचे छायाचित्र नोझलपासून दूर, कार्यालयात उभे राहून घ्यावे. मापाची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे, दर्जाची तक्रार तेल कंपनीकडे आणि दोन्हींपैकी कोठेही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करावी. चाचणीसाठी नमुना जपायचा म्हणून आपल्याच टाकीतील पेट्रोल बाटलीत काढून ठेवू नये. अधिकारी पंपाच्या साठ्यातून स्वतः नमुने घेतात आणि तेच पुराव्यात धरले जातात.